कड्यालगतचें उड्डाण आणि कॅमेरा

कॅलिफोर्नियांतील ओवेन्स खोऱ्याच्या पूर्वेची व्हाइट पर्वतरांग रुक्ष व उजाड असून तिचें सर्वोच्च शिखर १४,००० फुटांहून उंच आहे. दुपारच्या उन्हानें पश्चिमेचे उतार तापतात, वाराही त्यांवर आदळून वर चढतो, आणि त्या चढत्या हवेवर ग्लायडर हें बिनइंजिनाचें विमान तासन् तास तरंगतें. त्याचें चलच्चित्र सोबतचे मित्र दुसऱ्या ग्लायडरांतून घेतात. निळ्या आकाशांत विमान नुसतें टांगल्यासारखें दिसतें. मागें खडक धांवूं लागले म्हणजेच त्याचा वेग डोळ्यांस कळतो. कड्याशीं सलगी वाढते ती या मोहानें! परंतु वळण नेहमीं दरीकडेच घ्यावयाचें असतें. कॅमेराही वैमानिकानें न धरतां दुसऱ्या आसनावरील सोबत्यानें धरावा, हें बरें. समोरासमोर गांठ पडल्यास ज्याच्या डावीकडे डोंगर असेल त्यानें उजवीकडे सरून वाट द्यावी. कारण दुसऱ्याच्या उजवीस खडकच असतो.