स्लॅबखालचा उन्हाळा

ठाणे जिल्ह्यातलं आटगाव मागे टाकून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलमधून खर्डीच्या आसपासची छपरं पाहत गेलं, की घरबांधणी कशी बदलत गेली ते लक्षात येतं. कुठे नळीची कौलं उरली आहेत, कुठे मंगलोरी. त्यांच्या शेजारी करडे स्लॅब आहेत आणि बऱ्याच स्लॅबांवर निळ्या किंवा लाल पत्र्याची शेड आहे. कारवीच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं घर आता पाड्यांवरही कमी होत चाललं आहे. पक्क्या घराने पावसाळ्याची धास्ती कमी केली, साप-विंचवांचं भय कमी केलं. उन्हाळा मात्र त्याने घरात आणला.

एप्रिल-मेमध्ये शहापूर-मुरबाडच्या स्लॅबच्या घरात दुपारपेक्षा संध्याकाळ जड जाते. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती उष्णता काही तासांनी खाली सोडू लागतं. अंगणात वारा सुटलेला असतो, पण पंख्याखाली गरम हवाच फिरत राहते. म्हणून खर्डी परिसरातल्या नव्या बंगल्यांत आणि मुंबईकरांच्या फार्महाऊसांत ‘सेंटर डक्ट’ बसवण्याचा विचार होऊ लागला आहे. हवा थंड करणारं एकच यंत्र, त्यातून निघालेल्या पत्र्याच्या वाहिन्या आणि प्रत्येक खोलीत एक जाळी. प्रश्न असा, की सपाट छताच्या घरात या वाहिन्या न्यायच्या कुठून?

वाहिनीतून थंड हवा देण्याची कल्पना मुंबईला जुनी आहे. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली. १९३३ मध्ये कुलाब्यात सुरू झालेल्या रीगल चित्रपटगृहात प्रेक्षक वातानुकूलित हवेत बसू लागले. १९४३ मध्ये मुंबईत ब्लू स्टार सुरू झाली, तर १९५४ मध्ये टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून व्होल्टास. दोन्ही कंपन्यांचे कारखाने पुढे ठाण्यात उभे राहिले. म्हणजे थंडाव्याचा उद्योग याच जिल्ह्यात वाढला. पण त्याची रचना सिनेमागृहं, कचेऱ्या आणि रुग्णालयांसाठी होती. तिथे उंच छतं असतात आणि छताखाली वाहिन्या लपवायला जागा असते.

अमेरिकेतल्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. न्यू जर्सी किंवा शिकागोत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरात अनेकदा तळघरात भट्टी असते, वर उतरत्या छपराखाली माळा असतो आणि भिंतींच्या लाकडी सांगाड्यात पोकळी असते. एकाच वाहिनीतून हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड हवा खेळते. खर्डीच्या विटांच्या घराला ना तळघर, ना भिंतीत पोकळी, ना वर माळा. गरम हवेची निकडही इथे नाही. डिसेंबरात घाटाकडून गार वारा आला, तरी गोधडीवर निभावतं. ज्यांना हवी, त्यांना, तशी सोय असेल तर, तेच यंत्र उलट्या फेऱ्याने चालवून ऊब मिळवता येते. इथे खरा हिशेब थंडाव्याचाच.

त्या हिशेबात पहिली गाठ पडते उंचीशी. यंत्राच्या क्षमतेच्या एका टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरवावी लागते. दोन टनांच्या यंत्राला ८०० घनफूट. ही हवा आवाज न करता जायची, तर मुख्य वाहिनी सुमारे १८ इंच रुंद आणि ९ इंच उंच हवी. तिच्याभोवती इन्सुलेशन, वर टांगणीचे रॉड, खाली पीओपी किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग, म्हणजे फूटभर उंची गेलीच. त्यातच १५ इंची बीम आडवा आला, की तो स्लॅबखाली दहाएक इंच उतरलेला असतो आणि वाहिनीला त्याच्याही खालून जावं लागतं. दहा फुटांची खोली तिथे आठ फुटांवर येते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी. वातानुकूलित खोलीत वाहिनीच्या किंवा फॉल्स सीलिंगच्या तळापर्यंत ती २.४ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांहून थोडी जास्त, चालते. दहा फुटांचं घर नियमात बसतं, पण जेमतेम. नऊ फुटांच्या घरात बीमखालून वाहिनी नेणं विसरावं लागतं.

यावरचा मार्ग घराच्या मधल्या पॅसेजमध्ये सापडतो. बाथरूमवरच्या लॉफ्टमध्ये यंत्राचा आतला भाग बसवायचा, वाहिनी फक्त पॅसेजच्या छताखालून न्यायची आणि खोल्यांच्या भिंतींत वरच्या बाजूला जाळ्या काढायच्या. पॅसेजची उंची कमी झाली तरी खोल्या मोकळ्या राहतात. इथे दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, परतीची हवा. दार लावलेल्या खोलीतून हवा यंत्राकडे परत यायला वाट नसेल, तर नवी हवा आत नीट शिरत नाही. दाराखाली फट किंवा भिंतीत परतीची जाळी ठेवावीच लागते. दुसरी, पाण्याचा निचरा. यंत्रात जमणारं पाणी वाहून नेणाऱ्या पाईपला सलग उतार नसेल, तर पहिल्याच दमट आठवड्यात पीओपीवर डाग उमटतात.

पण वाहिनीची जागा शोधण्याआधी छताकडे पाहायला हवं.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. पाचशे चौरस फुटांचा उघडा, पाच इंची स्लॅब घेऊ. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग ५५ अंशांवर गेला आणि आत २६ अंश राखायचे ठरवले, तर तापमानाचा हा फरक टिकून राहील तेव्हा स्लॅबमधून साडेपाच किलोवॅटच्या आसपास उष्णता आत येते. ती बाहेर काढायलाच दीड टन यंत्र खर्ची पडतं. भिंती, खिडक्या, माणसं, स्वयंपाक हे सगळं अजून मोजायचंच आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यानुसार छतातून होणारं उष्णतेचं वहन चौरस मीटरला, दर अंशामागे १.२ वॅटपेक्षा जास्त नसावं. त्याच छताला या मर्यादेत आणलं, तर दीड टनाचा भार अर्ध्या टनाच्या आत येतो. त्यासाठी इंचभर जाडीचं चांगलं फोमचं इन्सुलेशनही पुरतं.

घाटावरच्या महाराष्ट्राने छत जाड ठेवण्याचं महत्त्व फार पूर्वी ओळखलं होतं. मराठवाडा, खानदेश, सोलापूर या कमी पावसाच्या मुलखात धाब्याची, माळवदाची सपाट छतं पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. लाकडी तुळया आणि फळ्यांवर मातीचा जाड थर असे. दुपारचं ऊन त्या थरातच अडकून राही. ठाणे जिल्ह्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे मातीचं सपाट छत टिकलं नसतं. म्हणून इथे उतरती छपरं, गवत आणि कौलं आली. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. सिमेंट आलं तेव्हा या भागाने देशावरचं सपाट छत घेतलं, पण त्याची जाडी घेतली नाही.

गळती थांबवण्यासाठी लोकांनी मात्र स्वतःच एक उपाय शोधला: स्लॅबवर पत्र्याची शेड. तिच्या बाजू मोकळ्या ठेवल्या तर स्लॅब सावलीत राहतो आणि पत्र्याखालची तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. उन्हाळ्यातला हा फायदा पावसाळ्यातल्या फायद्याइतकाच मोलाचा आहे. शिवाय सपाट छताच्या घराला जो माळा नव्हता, तो या शेडने दिला. बीमची अडचण असलेल्या घरात वाहिनी स्लॅबच्या वरून, शेडखालून नेता येते आणि प्रत्येक खोलीत वरून थेट उतरवता येते.

त्याला अटी आहेत. तापलेला पत्रा वाहिनीवर उष्णता फेकत राहतो, म्हणून इन्सुलेशन घरातल्यापेक्षा जाड हवं आणि त्यावर ऊन-पाऊस सोसणारं वेष्टन हवं. सांधे सैल राहिले, तर पैसे देऊन थंड केलेली हवा गच्चीवर सांडते. उंदीर-माकडांपासूनही वाहिनी जपावी लागते. सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे स्लॅबमधलं भोक. ते बीममधून कधीही काढायचं नाही आणि उभ्या घरात बांधकाम अभियंत्याला विचारल्याशिवाय सळ्या कापायच्या नाहीत. भोकाभोवती सहा-आठ इंच उंच कठडा करून वॉटरप्रूफिंग त्यावर चढवलं नाही, तर जूनमध्ये पाणी वाहिनीच्याच वाटेने खोलीत येतं. घर नव्याने बांधलं जात असेल, तर स्लॅब भरण्याआधीच या जागा चौकटी ठोकून मोकळ्या सोडाव्यात. कामही सोपं होतं आणि खर्चही वाचतो.

विदर्भासारखा वाळ्याचा किंवा लाकडी किसाचा कूलर वाहिनीला जोडून का चालत नाही, असंही विचारलं जातं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं, म्हणून हवा गार होते. खर्डीत मार्चच्या दुपारी कूलरचा थोडा उपयोग होतो. मे सरता सरता हवेत दमटपणा भरतो आणि कूलर घाम वाढवू लागतो.

विजेचा भारही आधी पाहावा. मोठ्या डक्टेबल यंत्रांना थ्री-फेज जोडणी लागते आणि गावात दाब कमी-जास्त होतोच. म्हणून छत आधी थंड करून दोन टनांची गरज एकावर आणणं इथे शहरापेक्षाही मोलाचं. छतावर सौर पॅनल बसवले, तर वीज मिळते आणि सावलीही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे.

हे सारं बंगल्यांचं झालं. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी पाड्यांवर प्रधानमंत्री आवास योजनेतून उभं राहणारं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं आणि सपाट भागात त्यासाठी केंद्राने ठरवलेली मदत १ लाख २० हजार रुपये आहे. त्या घरात डक्टचा प्रश्नच येत नाही, पण स्लॅब तिथेही तितकाच तापतो. त्यावर परावर्तक पांढरा रंग किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक दिला, तर बरंचसं ऊन छतावरूनच परत जातं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. महाराष्ट्रातल्या घरकुलांच्या अंदाजपत्रकात वॉटरप्रूफिंगच्या बरोबरीने या पांढऱ्या थराचा खर्च धरला जावा, आणि पंचायत समितीच्या अभियंत्याने घर पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी तो थर चढला आहे की नाही, हे छतावर जाऊन पाहावं.