गर्दीचा समाज कशाने होतो?

दादर स्टेशनावर संध्याकाळी सहा वाजता हजारो माणसे एकाच दिशेने चालत असतात, पण त्यांना कोणी समाज म्हणत नाही. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या एखाद्या दिंडीत शे-दोनशेच माणसे असली, तरी तिला समाज म्हणता येते. मॅकायव्हर आणि पेज या समाजशास्त्रज्ञांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात समाजाला सामाजिक संबंधांचे जाळे म्हटले आहे. हे जाळे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून समाज अमूर्त. तो ओळखायचा काही खुणांवरून.

पहिली खूण परस्परांच्या जाणिवेची. वारीत अनोळखी माणूसही 'माऊली' असतो. लहान-मोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. दुसरी साम्याची: दैवत एक, वाट एक, गळ्यात तुळशीची माळ. मात्र नुसत्या साम्यावर दिंडी चालत नाही. विणेकरी, पखवाजी, टाळकरी, पताका धरणारे, पुढच्या मुक्कामी जाऊन चूल पेटवणारे अशी कामे वाटलेली असतात. भेदातून श्रमविभागणी येते आणि श्रमविभागणीतून परस्परावलंबन. भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरली की जेवणाची चिंता दिंडीची. शिवाय माणसे बदलली तरी दिंडीचा क्रमांक आणि पालखीच्या रथापुढची किंवा रथामागची जागा टिकून राहते. हे सातत्य समाजाचेच लक्षण.

भेद दरवेळी इतका निरुपद्रवी नसतो. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत, हे इरावती कर्वे यांनी वारीवरच्या लेखात नोंदवले. ज्या विठ्ठलासाठी ही वाट चालायची, त्याच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. सहकार्य आणि संघर्ष एकाच समाजात नांदतात, ते असे.

संघर्षाला वारीने एक रीतही लावून दिली आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामाच्या तळावर आली, की दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा गजर टिपेला पोचलेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात सगळे शांत होते. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले, तर तिची काही तक्रार आहे असे समजायचे. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची माहिती पुकारली जाते आणि समाज आरती होते.

पाठ्यपुस्तकात संघर्ष हा घटक यादीत बहुधा शेवटी येतो. समाजाची प्रकृती मात्र तिथेच कळते. ग्रामसभा असो की गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा, तिथे भांडणे किती झाली हे मोजण्यापेक्षा कोणाची तक्रार ऐकल्याशिवाय पुढचा विषय घेतला जात नाही आणि कोणाची सहज टाळली जाते, हे पाहावे.