फुप्फुसाचे पंक्चर आणि पाण्याची बाटली

सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधताना दुकानदार काय करतो? ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात फिरवतो आणि बुडबुडे येतील तेथे खूण करतो. फुप्फुसाची शस्त्रक्रिया करणारे सर्जनही हेच करतात! रोगट भाग काढून झाला, की छातीच्या पोकळीत मिठाचे निर्जंतुक पाणी ओततात, भूलतज्ज्ञ फुप्फुसात हवा भरतात आणि बुडबुडे कोठून येतात ते सर्जन पाहतात.

मात्र दुकानदार चाक काढून, ट्यूब वाळवून ठिगळ लावतो. फुप्फुसाला अशी सुट्टी नाही. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाचे २१,६०० श्वास होतात. म्हणजे जखम तितक्या वेळा ताणली जाते. शिवाय फुप्फुसात सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. धूम्रपानाने किंवा रोगाने ते विरले असतील, तर जीर्ण कापडाला टाका घातल्यासारखे होते. टाक्याचे भोकच नवी गळती बनते.

मध्यंतरी शेजारच्या एका गृहस्थांना भेटायला मी रुग्णालयात गेलो होतो. त्यांच्या फुप्फुसाचा एक खंड काढला होता. छातीतून निघालेली नळी खाटेखालच्या बाटलीतील पाण्यात बुडाली होती. नववीतला त्यांचा मुलगा बाटलीकडे टक लावून बसला होता. तो म्हणाला, "सर, बुडबुडे थांबले की बाबांना घरी सोडणार. आज आठवा दिवस. मग ही नळी चिमटा लावून बंदच का करत नाहीत?"

प्रश्न उत्तम होता. उत्तरासाठी आधी दाबाचा हिशेब पाहू. फुप्फुस रबरासारखे आक्रसू पाहते, तर छातीचा पिंजरा बाहेर ताणतो. त्यामुळे दोहोंमधील फटीतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे ५ सें. मी. पाण्याइतका कमी असतो. श्वास घेताना तो आणखी उतरतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. येथील वातावरण अंदाजे ९६५ सें. मी. उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलते. म्हणजे जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या फरकावर आपले फुप्फुस फुगलेले राहते!

फुप्फुसाला भोक राहिले की हवा त्या फटीत शिरते, फरक नाहीसा होतो आणि फुप्फुस आक्रसते. नळी बंद केली व गळती चालूच राहिली, तर कोंडलेली हवा हृदयालाही बाजूला ढकलू शकते. तेव्हा जिवावरच बेतते. बाटलीतले बुडबुडे म्हणजे त्या हवेची सुटकेची वाट होय.

मग नळी पाण्यात कशासाठी? हॅम्बुर्गचे डॉक्टर गोट्टहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ साली छातीतील पू काढण्यासाठी ही युक्ती वापरली. तुम्हीही करून पाहा. पेल्यात पाणी घेऊन नळीचे टोक २ सें. मी. बुडवा आणि हळूच फुंका. हवा सहज बाहेर पडेल. आता हलकेच ओढा. हवा परत येणार नाही. पाणीच नळीत चढेल. खर्च काही नाही, पण झडप तयार! टोक १० सें. मी. बुडवून फुंका, म्हणजे ते २ सें. मी.च का बुडवतात हे कळेल.

रुग्ण श्वास घेतो तेव्हाही नळीत पाणी असेच चढते. म्हणून बाटली नेहमी छातीच्या बरीच खाली ठेवतात. ती उचलून खाटेवर किंवा त्याहून वर धरली, तर पाणी उलटे छातीत जाऊ शकते. रुग्णाला हलवताना मदत करणाऱ्या नातेवाइकांनी हे विसरू नये. बाटलीला हवा जाण्यासाठी दुसरे तोंडही असते. ते बुजवायचे नाही.

बहुतेकांची गळती थोड्या दिवसांत आपोआप थांबते. फुप्फुस फुगून छातीच्या भिंतीला टेकले की तेथे चिकटते आणि भोक बुजते. पाच दिवसांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टर तिला लांबलेली गळती म्हणतात. एक खंड काढलेल्या शंभर रुग्णांत साधारण दहाजणांना ती भोगावी लागते. नळी असेपर्यंत दुखते, दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, नीट खोकत नाही. मग कफ साचतो, जंतुसंसर्गाची भीती वाढते. घरचे माणूस रोजगार बुडवून उशाशी बसते आणि बिल वाढत जाते. एका बारीक भोकाचे ओझे सगळे घर वाहते!

उपाय आहेत. श्वासाचे व्यायाम करवतात, चालायला लावतात. मिनिटाला किती मिलिलिटर हवा गळते हे दाखवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आहेत. कधी रुग्णाचेच रक्त नळीतून फटीत सोडतात. ते गोठून भोक बुजवते. कोणाला एकमार्गी झडप लावून नळीसह घरी पाठवतात. क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

अकराव्या दिवशी तो मुलगा धावत आमच्या दारात आला. "सर, बाबा खोकले तरी बुडबुडा नाही!" मी म्हणालो, "छान! पण नळीतले पाणी श्वासाबरोबर वरखाली होते ना?" तो म्हणाला, "होते." मी हे का विचारले असेल? बुडबुडे नसणे आणि पाणीही स्थिर असणे, याचा एक अर्थ नळीच तुंबली असाही होऊ शकतो. मित्रहो, एखादी गोष्ट थांबली की ती का थांबली, हेही विचारावे.