पूर्वीचे : पेण-वडखळच्या उपाहारगृहांची हकीकत

मुंबईहून पहाटे निघालेल्या माणसाने खारपाड्याच्या पुलावरून पाताळगंगा ओलांडली, उजव्या हाताला खारभूमीची सपाटी आणि तीवरांच्या रांगा दिसू लागल्या, आणि तीन तासांच्या बैठकीने आखडलेले पाय कुठेतरी उतरून मोकळे करावेत अशी इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली, की त्या घटकेला जे गाव समोर येई ते पेण, आणि पेणला ज्याने मन आवरले त्याचा निग्रह पुढे वडखळ नाक्यावर तरी हमखास सुटे. या दोन ठिकाणी रस्त्याच्या दुतर्फा जी हॉटेले उभी राहिली त्यांच्या जागा भुकेने मुक्रर केल्या होत्या, असे मला वाटते. आणि त्यांतली कित्येक आज बंद का आहेत किंवा परक्या नावाने का चालली आहेत याचे उत्तरही तिथेच सापडते. भुकेची वेळ तीच राहिली, तिचा मुक्काम मात्र हलला.

वडखळ नाक्याचे माहात्म्य मोठे होते. येथे रस्ता फुटतो. उजवीकडची वाट धरमतरच्या खाडीवरून पोयनाड, अलिबागकडे जाते आणि दुसरी नागोठणे, कोलाड, माणगाव करीत महाड व पुढे गोव्याकडे. रोह्याला जाणाराही येथूनच पुढे सरतो. त्यामुळे अलिबागच्या कचेरीत तारखेला निघालेला पक्षकार, गणपतीला गावी चाललेला चाकरमानी आणि किनाऱ्यावर चार दिवस घालवायला निघालेले मुंबईकर कुटुंब, अशी एरवी कधी एका पंक्तीस न बसणारी माणसे येथे एकाच बाकावर, एकाच कढईतला बटाटावडा खात बसत. मे महिन्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेच्या बांबूंवर लोंबत असत. चहा पिऊन झाल्यावर आई त्यांतली एखादी माळ हातात तोलून पाही, आणि घासाघीस आटोपेपर्यंत वाहक घंटी देई.

वडिलांच्या तोंडी त्या हॉटेलांची नावे देवांची आणि साधुसंतांची होती. त्यापूर्वीच्या पिढीच्या पाट्यांवर ‘खानावळ’, ‘भोजनगृह’, ‘उपाहारगृह’ असे शब्द असत. पुढे ‘हॉटेल’ या शब्दाने त्या सर्वांना पोटात घेतले, आणि मराठीत हॉटेल म्हणजे निजण्याची नव्हे तर खाण्याची जागा हा अर्थ कायम झाला. याच मार्गावर ‘क्षणभर विश्रांती’ हे नाव मी प्रथम वाचले तेव्हा, प्रवाशाच्या मनातले दोन शब्द कुणीतरी उचलून पाटीवर लिहिले आहेत, असा भास मला झाला होता. नाव ठेवणे ही एक कला आहे, आणि रस्त्याकडेच्या माणसांना ती चांगली अवगत असते.

आता पडझडीची कारणे पाहू. २०११ साली पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या टप्प्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. भूसंपादनात कुणाची पडवी गेली, कुणाचे अंगण गेले, कुणाची मोरीच तेवढी शिल्लक राहिली. मोबदला ज्याच्या नावे सात-बारा त्याला मिळाला, आणि भाड्याच्या जागेत वीस वर्षे कढई तापवणाऱ्याच्या हाती फारसे काही लागले नाही. जे वाचले त्यांच्यासमोर खडी, धूळ आणि खड्डे आले, आणि धुळीत थांबून वडा खाण्याची कुणाची इच्छा? पुढे वडखळच्या बाहेरून वळणरस्ता झाला, तेव्हा सरळ गोव्याकडे जाणारी गाडी नाक्याला शिवेनाशी झाली. २०२० साल तर तिहेरी घाताचे ठरले. मार्चमध्ये टाळेबंदी आली. ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातले पत्रे उडवले. आणि त्याच वर्षी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाली, जिने अलिबागचा संपन्न प्रवासी या रस्त्यावरून उचलून समुद्रावर नेला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर दक्षिण मुंबईतून निघालेली मोटार पेणला इतक्या लवकर पोहोचू लागली, की सकाळचा चहा अजून पोटात असतानाच वडखळ मागे पडते.

जलमार्गाचा हा पुनर्जन्म मला विलक्षण वाटतो. कारण महामार्गाने पेणची भरभराट होण्यापूर्वी मुंबईची माणसे बोटीनेच धरमतरला उतरत आणि तिथून खुष्कीने पुढे जात. त्या काळी धक्क्याजवळ शिधा आणि चहा विकून ज्यांची गुजराण चालली असेल, त्यांना रस्ता झाल्यावर जे भोगावे लागले असेल, तेच आज रस्त्यावरच्यांच्या वाट्याला पुन्हा बोटीमुळे आले आहे.

हे दुःख एकट्या पेणचे नाही. इजिप्तमधील शर्म अल शेख या सागरतटीच्या नगरातून उडालेले रशियन विमान ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी सिनाईवर कोसळले, २२४ माणसे गेली, आणि रशिया व ब्रिटनने तिथली विमाने बंद केली. रशियाची २०२१ पर्यंत पुन्हा आली नाहीत. पाहुण्यांवरच ज्यांचा गल्ला अवलंबून होता अशा तिथल्या कित्येक भोजनगृहांची दारे लागली. तिथे आकाशातली वाट तुटली आणि इथे जमिनीवरची वळली, एवढाच काय तो फरक. मुंबईत जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ हे उपाहारगृह मार्च २०१५ च्या अखेरीस बंद झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्यावर भरभरून लिहिले, आणि ते योग्यच होते; पण वडखळच्या ज्या टपरीवर तीन पिढ्यांनी पाव-उसळ खाल्ली तिच्यासाठी दोन ओळीही छापून आल्या नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बंद पडलेले सर्वच मेले असे नव्हे. बरीच हॉटेले हस्तांतरित होतात. नवा चालक येतो, गुमास्त्याच्या दाखल्यात फेरफार करून घेतो, खाद्यपरवाना आपल्या नावे नव्याने काढतो आणि पाटी रंगवणाऱ्याला बोलावतो. काहींना कायद्यानेही पाटी बदलावी लागते : दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने मराठी अक्षरे इतर लिपीहून लहान नसावीत असे ठरले, आणि जिथे मद्य मिळते अशा आस्थापनांना महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई झाली. ज्या जिल्ह्याचेच नाव एका किल्ल्यावरून आहे तिथे हा नियम किती पाट्यांना लागू पडत असेल! आणि त्या जिल्ह्याचे नाव तरी जुने कुठे आहे? १९८१ पर्यंत तो कुलाबा होता. महामार्गही सतराचा सहासष्ट झाला. आजही पेणचे म्हातारे ‘कुलाबा जिल्हा’ म्हणतात आणि ट्रकवाले ‘सतरा नंबर’.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी पेणच्या रामवाडीला एस. टी.तून उतरलो. गावात कासार आळी, कुंभार आळीच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती रवाना झाल्या होत्या आणि हंगाम संपल्याची सुस्ती सर्वत्र होती. गावातली हॉटेले मात्र भरलेली होती. तहसील कचेरीत दाखल्यासाठी आलेली तालुक्यातल्याच वाशी, दादर, हमरापूरकडची माणसे, वकिलांचे कारकून, पापड-पोह्यांचे व्यापारी यांच्या आधारावर ती उभी आहेत, आणि महामार्ग कुठूनही गेला तरी या माणसांना पेणला यावेच लागते. बाहेर रस्त्याच्या कडेला माझ्या ओळखीच्या एका जागेवर नवी हिरवी पाटी होती. तिरप्या उन्हात जवळ जाऊन पाहिले, तर पत्रा खरवडण्याचे श्रम न घेता रंगाऱ्याने जुन्या अक्षरांवरूनच हात फिरवला होता. खालच्या अक्षरांचे उंचवटे बोटाला लागत होते. पहिले ‘श्री’ त्याने तसेच ठेवले होते, कारण ते दोन्ही नावांना चालण्यासारखे होते. कोपऱ्यात, बारीक अक्षरांत ‘पूर्वीचे’ असा शब्द आणि त्यापुढे जुने नाव.

गल्ल्यावरच्या तरुणाला मी विचारले, की जुन्याचा एवढा उल्लेख कशासाठी.

“काका, नवं नाव सांगितलं तर माल पोहोचवणारा टेम्पोवालापण फोन करून विचारतो, कुठे आहे म्हणून,” तो म्हणाला. “जुनं सांगितलं की सरळ दारात येतो.”

मी मिसळ मागवली. तर्री वेगळी होती, थोडी अधिक तिखट. पाव मात्र त्याच भट्टीचा असावा. निघताना बाहेर उभ्या असलेल्या सहा आसनी रिक्षावाल्याने आत डोकावून, वडखळचे कोणी आहे का, असे विचारले, आणि मी बसल्यावर मागून येणाऱ्या बाईंना जागेचा पत्ता सांगताना त्याने जे नाव घेतले, ते नाक्यावरच्या अशा एका हॉटेलाचे होते, जे रस्त्याच्या रुंदीकरणात समूळ गेले आहे. बाईंनी मान डोलावली आणि त्या नेमक्या तिथे उतरल्या.