शब्द दिला, भाव पडला

मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गातला एक तंटा माझ्याकडे आला. एकाने दुसऱ्याचं क्रिकेटपटूचं चकचकीत कार्ड 200 रुपयांना घ्यायचं कबूल केलं होतं. पैसे शनिवारी द्यायचे होते. पण मधल्या दिवसांत तेच कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पाकिटांमधून भराभर निघू लागलं आणि त्याचा भाव 20 रुपयांवर आला. "आता कशाला घेऊ?" पहिला म्हणाला. "शब्द दिला होतास ना?" दुसऱ्याने विचारलं.

निवाडा करण्याआधी मी मुलांना हॉलंडची एक गोष्ट सांगितली. घरी किंवा वर्गात तुम्हालाही ती उपयोगी पडेल.

सतराव्या शतकात तिथल्या हौशी लोकांना ट्यूलिप जमवायचा नाद होता. सर्वांत जास्त मागणी पट्टेदार फुलांना असे. हे पट्टे खरं तर विषाणूमुळे येत, पण हे कळलं विसाव्या शतकात. रोगट कंदाला पिल्लं कमी होत. म्हणजे माल थोडा, घेणारे फार.

आता गंमत पहा. कंद शरद ऋतूत जमिनीत लावायचा आणि फुलं येऊन गेल्यावर उन्हाळ्यात काढायचा. 1636-37 च्या हिवाळ्यात जोरात सौदे झाले, तेव्हा कंद मातीखाली होते. खानावळीत बसून भाव ठरायचा. किरकोळ 'दारूचे पैसे' सोडले तर त्या वेळी हाती काहीच पडत नसे. पूर्ण रक्कम कंद निघाल्यावर द्यायची. अनेकांना कंद नकोच होता. वाढीव भावाने तो पुढच्याला विकायचा, एवढाच बेत. एका कंदावर अशी शब्दांची साखळीच तयार व्हायची.

फेब्रुवारी 1637 च्या सुरुवातीला हार्लेम शहरात बोली लावायला कुणी पुढे येईना. त्याच सुमारास, 5 फेब्रुवारीला, आल्कमारमध्ये एका मृत कंदवाल्याच्या अनाथ मुलांसाठी झालेल्या लिलावात सुमारे 90,000 गिल्डरची बोली झाली होती! पण भाव कोसळला तसे घेणारे हात वर करू लागले. अखेर मे 1638 मध्ये हार्लेमच्या नगरसभेने तोडगा काढला: ठरलेल्या किमतीच्या 3.5 टक्के द्या आणि मोकळे व्हा, कंद विकणाऱ्याकडेच राहील. म्हणजे 100 गिल्डरच्या सौद्याला साडेतीन गिल्डर.

'सगळा देश भिकेला लागला' असं नेहमी सांगतात. इतिहासकार ॲन गोल्डगार यांनी जुनी दप्तरं तपासली, तेव्हा तसं काही आढळलं नाही. नुकसान झालं ते मुख्यतः विश्वासाचं. ज्याच्या शब्दावर व्यवहार करायचा, तो शब्द पाळेल की नाही हेच कळेनासं झालं.

यातून मुलांना दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवता येतात. भाव वरखाली होणं कुणाच्याच हातात नाही. शब्द मात्र आपल्या हातात आहे. सौदा ठरणं आणि पैसे देणं यांच्यात जितके दिवस जास्त, तितका धोका मोठा. तो कुणी सोसायचा, हे आधीच बोलून घ्यावं. आपल्याकडे गुरांच्या बाजारात, जमिनीच्या व्यवहारात इसार देतात तो त्यासाठीच. मोडलास तर इसार गेला, हे दोघांनाही माहीत असतं.

पालकांनो, मूल कार्डं, नाणी, तिकिटं, काहीही जमवत असो, एवढं बघा: खिशात नसलेल्या पैशाचा शब्द त्याने देऊ नये, आणि 'पुढे महाग विकू' या आशेवर तर मुळीच नको. वस्तू आवडली म्हणून घेतली असेल, तर भाव पडला तरी ती आवडतीच राहते.

शेवटी तंटा मुलांनीच मिटवला. घेणाऱ्याने 20 रुपये द्यायचे आणि कार्ड मालकाकडेच राहायचं. दोघंही थोडे नाराज होते, म्हणजे निवाडा बरा झाला असावा!

मग मी कार्डाच्या मालकाला विचारलं, "भाव 2000 झाला असता, तर तू ते 200 ला दिलं असतंस?"

तो बराच वेळ गप्प होता. हा प्रश्न तुमच्याही वर्गात विचारून पहा.