काचबिंदू आणि दृष्टिपटलातील गुच्छिका-पेशींचा ऱ्हास

धरमतर खाडीकाठची शेते खाऱ्या पाण्यापासून राखण्यासाठी बांध घालतात आणि आतील पाणी ओहोटीस बाहेर जावे म्हणून त्यांत उघाडी ठेवतात. उघाडी गाळाने बुजली की पाणी आत तुंबते. डोळ्यातील नेत्रजलाचा निचरा अडला असता असाच अंतर्दाब वाढतो. मात्र काचबिंदूत दृष्टी जाते ती दृष्टिपटलातील गुच्छिका-पेशी मेल्यामुळे. या पेशींच्या अक्षतंतूंची मिळूनच दृक्-तंत्रिका बनते. मेलेली पेशी पुन्हा उत्पन्न होत नाही.

नागपूरनजीकच्या ग्रामीण भागात २००६ साली आरंभिलेल्या मध्य भारत नेत्र व वैद्यकीय अभ्यासात आठ गावांतील, तीस वर्षे व त्यांवरील ४,७११ व्यक्तींची तपासणी झाली. अशा पाहणीतून रोगाचा प्रसार कळतो. परंतु पेशीचा कोणता भाग आधी बिघडतो, हे जिवंत मनुष्याच्या डोळ्यात टप्प्याटप्प्याने पाहता येत नाही. येथेच प्राण्यांवरील प्रयोगांचे प्रयोजन आहे.

डीबीए/२जे या वाणाच्या उंदरांत दोन जनुकांतील दोषांमुळे कनीनिकेतील रंगकण सुटतात, निचरा अडतो आणि वयाच्या आठव्या-नवव्या महिन्यापासून बहुतेकांचा दाब वाढलेला दिसतो. २००५ साली लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांतून बॅक्स हे पेशीमृत्यूस आवश्यक असलेले प्रथिन वगळले. परिणाम विचार करावयास लावणारा होता: पेशींचे देह वाचले, परंतु अक्षतंतू नष्ट झालेच. अर्थात देहाचा मृत्यू आणि अक्षतंतूचा ऱ्हास या दोन निराळ्या प्रक्रिया ठरतात. अक्षतंतूवरील आघात नेत्रगोलातून तंत्रिका बाहेर पडते त्या स्थानी होतो, असे २००७ सालच्या संशोधनाने दर्शविले.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. केवळ जिवंत पेशी मोजून औषधाची पारख केली, तर मेंदूशी संबंध तुटलेली पेशीही वाचलेली म्हणून गणली जाईल. म्हणून अक्षतंतूंची गणना आणि कार्याची चाचणी अपरिहार्य होय.

याच वाणात जीवनसत्त्व बी-३ संरक्षक ठरल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तथापि उंदराच्या दृक्-तंत्रिकेच्या मुखाशी मनुष्याप्रमाणे कोलॅजनची चाळणी नसते. तेथे केवळ आधारपेशींची जाळी असते. तेव्हा उंदरातील यश मनुष्यास जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरेल. रुग्णाच्या बाबतीत दाब उतरविणे हाच आजही सिद्ध उपाय आहे.