रक्तांतील औषधाचें मोजमाप

टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनाचा एक ठिपका द्यावा आणि तो ओला न होईल अशा बेतानें पट्टीचें खालचें टोंक पाण्यांत धरावें. पाणी वर चढूं लागलें म्हणजे काळा रंग फांकतो, आणि त्यांतून निळे, तांबडे, पिंवळे रंग निरनिराळ्या उंचीवर वेगळे दिसूं लागतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें पानांतील रंग खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून असेच वेगळे केले, आणि १९०६ सालीं या रीतीस ‘क्रोमॅटोग्राफी’ हें नांव दिलें. तीच रीत आज मनोरुग्णांच्या उपचारांत कशी उपयोगी पडते, तें पाहूं.

मनोविकार हा इतर विकारांसारखाच एक विकार आहे, बाहेरची बाधा नव्हे, हें आपल्यांतील पुष्कळ घरांत अद्यापि सांगावें लागतें. स्किझोफ्रेनिया या विकारांत इतर औषधांनीं गुण न आल्यास क्लोझापीन नांवाचें औषध देतात. परंतु एकच मात्रा दोघांनीं घेतली, तरी दोघांच्या रक्तांत तें सारखें राहात नाहीं. यकृतांतील एक विकर त्याचें विघटन करितें. तें कोणांत जलद, कोणांत मंद. धूम्रपानानें तर तें फारच चपळ होतें. येथेंच खरा धोका आहे. रोगी बिडी सोडतो, घरांत सर्वांस आनंद होतो. आणि नेहमींच्याच मात्रेनें थोड्या दिवसांत रक्तांतील औषध वाढून त्यास गुंगी येते, प्रसंगीं आंकडीही येते. हा परिणाम निकोटिनाचा नव्हे, धुराचा. (म्हणून बिडी सोडूं नये असें नव्हे, डॉक्टरांस आधीं सांगावें, इतकेंच.)

मोजावयाचें तरी किती? एका मिलिलिटर रक्तद्रवांत सुमारें ३५० नॅनोग्रॅम औषध असलें म्हणजे गुण येण्याचा संभव वाढतो. १००० च्या पलीकडे आंकडीचें भय फार. ३५० नॅनोग्रॅमचें हें प्रमाण म्हणजे लिटरभर द्रवांत साखरेचा एक दाणाही नव्हे!

रक्त यंत्रांत गरगर फिरविलें म्हणजे पेशी तळाशीं बसतात व वर पिंवळसर रक्तद्रव राहतो. त्यांत औषधासारखाच दुसरा एक पदार्थ मोजून घालतात. पुढील खटाटोपांत कांहीं अंश वायां गेला, तर दोहोंचाही त्याच प्रमाणांत जातो, आणि गुणोत्तर कायम राहतें. ही युक्ति मला फार आवडते. नंतर अ‍ॅसिटोनायट्राइल ओतलें कीं, लिंबानें दूध नासावें तशीं प्रथिनें सांकळतात. वरचा निर्मळ द्रव मग पंपाच्या दाबानें पोलादी नळींतून लोटतात. नळींत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण ठांसलेले असून त्यांवर तेलकट स्वभावाचा थर असतो. पाण्याशीं सख्य असलेले पदार्थ त्वरित निघून जातात. तेलाशीं सख्य असलेलें क्लोझापीन रेंगाळतें आणि आपल्या ठराविक वेळीं बाहेर पडतें. तेथें अतिनील किरण तें किती शोषितें, किंवा आधुनिक यंत्रांत त्याच्या रेणूंचें वस्तुमान काय, यावरून आलेखावर एक शिखर उमटतें. ज्ञात प्रमाणाच्या शिखरांशीं तें ताडून पाहिलें कीं उत्तर मिळालें.

मात्र रक्त रात्रींच्या मात्रेनंतर सुमारें १२ तासांनीं, सकाळची गोळी घेण्यापूर्वीं काढावें लागतें. गोळी घेऊन दोन तासांनीं काढलेल्या रक्ताचें शिखर कितीही सुरेख उमटो, डॉक्टरांस त्यावरून मात्रा ठरवितां येत नाहीं. यास्तव नमुन्याच्या चिठ्ठीवर शेवटची गोळी केव्हां घेतली, धूम्रपान चालू आहे कीं सुटलें, आणि ताप आहे काय, हें लिहावें लागतें; आणि तें खरें सांगण्याचें काम बहुधा घरच्या माणसांकडेच येतें.